आमचं आगर गुंठ्यात आहे: मुख्यमंत्री, नियोजन विभाग आणि कोकणातल्या आमदार-खासदारांना खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, राज्याचा नियोजन विभाग आणि कोकणातून निवडून गेलेले सगळे आमदार-खासदार,

सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यात समुद्राला लागून असलेल्या एका गावात राहते. आमचं ११ गुंठ्यांचं आगर, म्हणजे समुद्रकाठची बाग आहे, त्यात माड (नारळाची झाडं), पोफळी (सुपारीची झाडं), पोफळीवर चढवलेली मिरी, विहिरीजवळ दोन जायफळं आणि मागच्या अंगाला घर. आमच्या पट्ट्यात एवढं आगर म्हणजे बरंच म्हणायचं, भावकीत वाटण्या होऊन होऊन कुणाकडे तीन गुंठे आहे कुणाकडे पाच. पत्राची सुरुवात या गुंठ्यांपासून करतेय कारण मला जे सांगायचंय ते सगळं त्यातच आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दुपारच्या दोन-तीन तासात आमच्या १६० पोफळी आणि १८ माड आडवे झाले. सासऱ्यांनी लावलेली झाडं होती. वीज यायला महिना गेला, पंपाविना विहिरीचं पाणी रहाटाने ओढलं, ते सगळं तुम्हाला बातम्यांमधून माहीत असेल. नंतर पंचनामे सुरू झाले आणि भरपाई जाहीर झाली, बागायतीला हेक्टरी ५० हजार. आधीच्या निकषापेक्षा रक्कम वाढवली होती, सरकारची नियत वाईट होती असं मी अजिबात म्हणणार नाही. पण हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये, म्हणजे आमच्या ११ गुंठ्यांना साडेपाच हजार, आणि ज्याचं तीन गुंठे आगर पूर्ण भुईसपाट झालं त्याला दीड हजार. तीन गुंठ्यात चाळीस-पन्नास पोफळी असतात हो. हा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर देशावरची बाग असणार, द्राक्षाची नाहीतर डाळिंबाची, सलग एकरा-दोन एकराची, एकाच पिकाची. आगर त्याने कधी आतून पाहिलेलं नसणार.

मग बोंब उठली. श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग, मंडणगड, दापोली, जो भेटायला येईल त्या प्रत्येकाला, तलाठी असो की मंत्री, लोक एकच सांगत होते की जमीन मोजू नका, झाडं मोजा. आणि तो निकष बदलला. सुपारीला झाडामागे ५० रुपये आणि नारळाला २५० रुपये असं ठरलं. आमच्या हिशोबाने साडेपाच हजाराचे साडेबारा हजार झाले. पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्ष लागतात, पडलेलं झाड तोडून उचलायची मजुरीसुद्धा त्या पन्नासात निघाली नाही, त्यामुळे पुरेसे मिळाले असं नाही. पण नियम बदलला ही गोष्ट माझ्यासाठी फार मोठी आहे. ज्यांना आगर म्हणजे काय ते माहीत आहे ती माणसं एका सुरात बोलली आणि मंत्रालयातला कागद बदलला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आता माझं म्हणणं असं की हे बोलायला वादळ का यावं लागलं? हे आधीच सांगायला आम्हाला जागा कुठे होती?

कागदावर एक जागा होती. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये विकासाचा निधी सगळ्या भागांना नीट वाटला जावा म्हणून तीन वैधानिक विकास मंडळं झाली, विदर्भाचं, मराठवाड्याचं आणि तिसरं उर्वरित महाराष्ट्राचं. कोकण त्या तिसऱ्यात. म्हणजे नाशिक, पुणे, कोल्हापूर, सोलापूर आणि आम्ही सगळे एकाच मंडळात आणि मंडळाचं ऑफिस पुण्याला. विदर्भाला विदर्भ म्हणतात, मराठवाड्याला मराठवाडा म्हणतात, आणि कोकणच्या अख्ख्या किनाऱ्याला 'उर्वरित' म्हणतात, हा शब्द मला मनापासून लागतो. या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्यानंतर बरोबर ३४ दिवसांनी वादळ आलं. मंडळ चालू असतं तरी त्यात श्रीवर्धनचा सुपारीवाला बसला असता का, हा वेगळा प्रश्न, मला तरी शंका आहे. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ही मंडळं परत करायचं ठरवलं तेव्हा आमच्याकडे पुष्कळ जणांनी म्हटलं की आता तरी कोकणाचं वेगळं करा. हे पत्र त्यासाठीच आहे, पण नुसतं मंडळ करा आणि चार खुर्च्या भरा एवढ्यासाठी नाही.

तुम्ही म्हणाल ग्रामसभा आहे की. आहे, आणि मी जाते. वर्षातून निदान चार व्हायला पाहिजेत, कोरमला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं यातलं जे कमी असेल ते लागतं, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असाही नियम आहे. आमच्याकडे कित्येकदा महिला सभेचं रजिस्टर घरी सहीला आलंय, सभा झालीच नाही. आणि आमची गट ग्रामपंचायत, वाड्या लांब लांब, वरच्या वाडीतल्या बाईला खाली येऊन परत चढून जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. तरीपण ग्रामसभेला मी कमी लेखत नाही, रस्ता, नळ, घरकुल, स्ट्रीटलाईट यासाठी ती बरोबर आहे. पण खाडी एका गावाची नसते. दाभोळ खाडीच्या एका काठावर दापोली आणि समोर गुहागर, वर गेलं की चिपळूण आणि खेड, आणि लोट्याच्या कारखान्यांकडून पाणी खाली येतं ते कुठल्या गावाच्या ठरावाला विचारून येत नाही. खालच्या गावाने ठराव करायचा, तो पंचायत समितीत जाणार, तिथून जिल्ह्याला, आणि पुढे त्याचं काय झालं ते कधीच कळत नाही. आमच्या गावाने केलेल्या एका ठरावाला साधी पोच मिळाली नव्हती.

जिल्हा नियोजन समितीचं म्हणाल तर तिचे पाचात चार सदस्य जिल्हा परिषदेतून आणि नगरपालिकांमधून निवडून यायला हवेत असं घटनेतच आहे. पण रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड तिन्हीकडे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक. म्हणजे इतकी वर्ष जिल्ह्याच्या पैशाचं नियोजन झालं त्यात गावाकडून निवडून गेलेला माणूस नव्हता. हे कुठल्या एका पक्षाबद्दल बोलत नाहीये, सगळ्यांनीच हे चालवून घेतलं.

आता जनसुनावणी. याबद्दल मला सविस्तर सांगायचंय कारण यात माझं स्वतःचं मन दुखावलेलं आहे. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावर कुठे काय बांधता येईल ते ठरवणाऱ्या नियमांची नवी अधिसूचना १८ जानेवारी २०१९ ला आली, तिच्यानुसार किनाऱ्याचे नकाशे नव्याने करायचे आणि लोकांच्या हरकती घ्यायच्या. आम्ही गावातून आठ-दहा जण गेलो होतो, त्यात चार बायका कोळीवाड्यातल्या. नकाशा भिंतीवर लावलेला, सगळी नावं इंग्रजीत. १:२५,००० चा नकाशा, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. आमचा अख्खा कोळीवाडा त्यात नखाएवढा. त्यात मासळी सुकत घालायची जागा कुठाय, होड्या ओढून घ्यायची जागा कुठाय, जाळी विणायला बसतात ती जागा कुठाय, असं त्या बायका बोटाने शोधत होत्या आणि बोट ठेवलं की गाव झाकून जात होतं. वास्तविक नियमातच लिहिलंय की मच्छीमारांची गावं, त्यांच्या सामाईक जागा, सुकवणीच्या जागा नकाशावर दाखवायच्या, आणि स्थानिक पातळीवर १:४,००० चे नकाशे करता येतात, त्यात एक सेंटीमीटर म्हणजे ४० मीटर, त्यात माणसाला आपलं घर सापडतं. तो नकाशा आमच्यासमोर कुणी ठेवला नाही. एक बाई उठून म्हणाल्या की आमची खळी (मासळी सुकवायची जागा) यात नाही, तर समोरून सांगितलं लेखी द्या. त्यांना लिहिता येत नाही. मी लिहून दिलं. त्याचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही.

याच अधिसूचनेत अजून एक गोष्ट आहे. किनाऱ्यावरच्या गावाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर भरती रेषेपासून ५० मीटर बांधकामाला बंदी, कमी असेल तर २०० मीटर. लोकसंख्येला गावाच्या सगळ्या महसुली हद्दीने भागलं की काय होतं बघा. कोकणातलं गाव म्हणजे खाली चिंचोळी पुळण, तिथे घराला घर चिकटलेलं, आणि वर कोसभर कातळाचा सडा जिथे एक घर नाही. सडा धरून भागाकार केला की माणसं विरळ दिसतात. खाली कोळीवाड्यात मात्र एका घरात तीन चुली आहेत आणि धाकट्याला खोली काढायला जागा नाही. स्थानिकांच्या घरांना काही सवलती आहेत मान्य, पण हा तोच हेक्टर आणि गुंठ्याचा घोळ आहे की नाही तुम्हीच सांगा. मोजमाप लांबून ठरलं आणि माप आमच्या अंगाला बसलं नाही. इथे पाच माणसं बसवून विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं की सडा वगळून मोजा.

आणि वेळ. सुनावणी कधी ठेवतात? २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाच्या पर्यावरण सुनावणीला निदान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, ती पेपरात येते, नियम पाळला जातो. पण एप्रिल-मे मध्ये माणूस आंब्याच्या पेट्यांमध्ये असतो, जून-जुलैत लावणीच्या चिखलात, ऑक्टोबरात कापणी-झोडणी. कोळीवाड्याचं याच्या उलट आहे, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारून ठेवलेल्या, तेव्हा माणूस घरी सापडतो, एरवी चार-चार दिवस समुद्रावर. सकाळी अकराला तालुक्याच्या गावी मीटिंग ठेवलीत तर मासे विकणारी बाई कशी येणार, तिचा तो दिवसाचा धंदा आहे. सुनावणीला कोरम नसतो, कुणीच आलं नाही तरी ती झाली असंच धरतात. आणि मग रिपोर्टात येतं की लोकांच्या फारशा हरकती नाहीत.

मच्छीमारीचं उदाहरण देते कारण त्यात दोन्ही बाजू आपल्याच आहेत. पर्ससीनच्या, म्हणजे मासळीचा अख्खा थवा वेढून घेणाऱ्या मोठ्या जाळ्यांनी रापणवाल्यांचं (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांचं) आणि छोट्या होडीवाल्यांचं पोट मारलं जातंय ही तक्रार सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कितीतरी वर्ष चालू होती. डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला आणि ५ फेब्रुवारी २०१६ ला सरकारने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ ठेवला. मालवणपासून हर्णैपर्यंतचे पारंपरिक मच्छीमार मागे लागले नसते तर हे झालं नसतं. पण पर्ससीनवाला पण कोकणातलाच आहे, त्याने बँकेचं कर्ज काढून बोट बांधलेली आहे. आदेश निघाल्यावर दोघं कुठे भेटतात? समुद्रात, काळोखात, एकमेकांच्या बोटी अडवताना. किंवा पोलीस स्टेशनात. या दोघांना समोरासमोर बसवून वर्षातून दोनदा बोलायला लावणारी एखादी जागा असती, जिथे मत्स्य खात्याचा अधिकारी नुसता बसून लिहून घेतोय, तर मारामाऱ्या थोड्या तरी कमी झाल्या असत्या असं मला खात्रीने वाटतं.

कोकणाला हे नवीन नाही. अलिबागजवळ चरीला १९३३ मध्ये कुळांनी खोतांच्या (गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) जमिनी कसायच्याच नाहीत असा संप केला, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली, आणि तो सहा वर्ष टिकला. उपाशी राहिले, करवंदं-कंदमुळं खाल्ली, पण गावोगावच्या सभा थांबवल्या नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. म्हणजे चरीच्या माळावर जे बोललं गेलं ते कायद्याच्या पुस्तकात जायला सोळा वर्ष लागली. माझ्या सासूबाईंच्या आईने खोताकडे धान्य घातलेलं आहे. म्हणून मला ही गोष्ट जुनी वाटत नाही.

अलीकडचं पण एक आहे. डहाणू तालुक्यासाठी सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर डिसेंबर १९९६ मध्ये एक पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. फक्त एका तालुक्यासाठी! पण त्याच्यासमोर मच्छीमार, चिकूवाले, आदिवासी जाऊन आपलं म्हणणं मांडू शकत होते आणि त्याच्या आदेशाला वजन होतं, १९९८ मध्ये त्याने वाढवण बंदर इथे होऊ शकत नाही असं सांगितलं होतं. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने अटी घालून बंदराला परवानगी दिली. तिथल्या मच्छीमारांना काय वाटतं ते त्यांनीच सांगावं, मी त्यांच्या वतीने बोलणार नाही. मी एवढंच बघते की तालुक्यापुरती का होईना एक जागा असली, तिला अधिकार असला, तर २५ वर्ष लोकांचं म्हणणं मोजलं जातं.

नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचं सगळ्यांना माहीत आहे. २०१७ मध्ये अधिसूचना निघाली, गावांनी ग्रामसभेत विरोधाचे ठराव केले, मोर्चे निघाले, मार्च २०१९ मध्ये ती रद्द झाली. नंतर त्याच प्रकल्पासाठी बारसूला एप्रिल २०२३ मध्ये सर्वेक्षण आणि कातळावर उन्हात झोपलेल्या बायका. तुमचं मत प्रकल्पाच्या बाजूचं असो की विरोधातलं, माझ्याच घरात दोन मतं आहेत, पण आधी अधिसूचना मग माणसं, हा क्रम उलटा करा एवढी विनंती आहे. अधिसूचनेच्या आधी त्या पंचक्रोशीत जाऊन बसा. नंतर गेलात की कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नसतं, तुम्ही पण नाही आणि आम्ही पण नाही.

तर मागणी अशी आहे. कोकणाला स्वतःचं वैधानिक मंडळ द्या आणि त्याचं ऑफिस किनाऱ्याच्या कुठल्यातरी जिल्ह्यात ठेवा. त्यात मच्छीमार, मासे विकणाऱ्या बायका, आगरवाले, आंबा-काजूवाले, सड्यावरचे धनगर, कातकरी यांच्या जागा ठरलेल्या असू देत, निवडणुकीत पडलेल्यांची सोय लावायला ते मंडळ नको. मंडळाने एका जागी न बसता खाडीखाडीने फिरावं, दाभोळ खाडीची बैठक दाभोळला, जयगडची जयगडला. बोली मराठीत बोललेलं तिथल्या तिथे लिहून घेऊन शेवटी मोठ्याने वाचून दाखवा, पर्यावरण सुनावणीत इतिवृत्ताचा सारांश लोकांना त्यांच्या भाषेत सांगायचा नियम आहेच, तो सगळ्या बैठकांना लावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उत्तर. ९० दिवसांत गावाला लेखी कळवा, हे मान्य, हे अमान्य, अमान्य का ते एका ओळीत. 'नाही' आलं तरी चालेल. या मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा असं कलम ३७१ मध्येच आहे, त्या अहवालात ही प्रश्न-उत्तरं छापा म्हणजे आमचे आमदार ती वाचतील.

चाकरमान्यांचं पण ऐका, त्यांना बाहेरचे समजू नका. आमच्या गावचं मुंबई मंडळ आहे, शाळेची दुरुस्ती त्यांच्या वर्गणीतून झाली, वादळानंतर पत्रे त्यांनी पाठवले, सातबाऱ्यावर नावं त्यांची पण आहेत. ते गणपतीला, शिमग्याला आणि मे मध्ये येतात, तेव्हा त्यांची बैठक लावा.

आमची गावकी शिमग्याआधी सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या जागेवर बसते. पालखी कुठल्या घरी कधी जाणार यावर कधी कधी पहाटेपर्यंत बोलणं चालतं, कारण सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही अशी रीत आहे. तिथे बायका मागे बसतात आणि बोलत नाहीत, ते मला पटत नाही आणि मी तसं गावात सांगितलंय. पण सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही ही रीत मला तुमच्या बैठकीत हवी आहे.

१ जूनला होड्या वर येतील. कोळीवाड्याची बैठक जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवा, दुपारी तीननंतर, आणि १:४,००० चा नकाशा मराठी नावांसकट घेऊन या. आगरवाल्यांची दिवाळीनंतर, कापणी आटपल्यावर. तारीख पंधरा दिवस आधी कळवलीत तरी वाड्यावाड्यांना मी स्वतः सांगून येईन. सहाणेवर शंभरेक माणसं आरामात बसतात, पाऊस असला तर शाळेचा हॉल आहे.

आपली,
दापोली तालुक्यातली एक बागायतदार